हिवरवाडीची खिंड

मी नववीत असताना आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरात एक आख्खी रेल्वेलाइन बांधली. बांधली, हाच शब्द मी मुद्दाम वापरते. घरातली मुलं कौतुकानं 'आजीचं खेळणं' म्हणतात तेव्हा अडुसष्टाव्या वर्षीही माझ्या कपाळाला आठी पडते. पुढं मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली, पहिली नेमणूक कोयनानगरला, मग मेढा, मग साताऱ्याचं ऑफिस. कालव्यांचे, पाटांचे, बुडीत क्षेत्राचे इतके नकाशे काढले की आता डोळे मिटले तरी समोर रेघा दिसतात. पण तुझं पहिलं काम कोणतं, असं कुणी विचारलं तर मी हिवरवाडीच्या लाइनचं नाव सांगते. त्यात एकही रेघ मी अंदाजानं ओढली नव्हती. एक जागा मात्र आधी गाळली होती. तिचीच ही हकिगत.

हिवरवाडी मिरजेच्या पूर्वेला. जसजसं पूर्वेला जावं तसतसा ऊस मागं राहतो, मग ज्वारी मागं राहते, आणि शेवटी उरतात हुलगे, मटकी, तरवड आणि मेंढरं. तिथून आमची छोटी गाडी जायची. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट. इंजिन एवढं ठेंगणं की ड्रायव्हर शेजारच्या माणसाशी बोलावं तसा प्लॅटफॉर्मवरच्या बाईशी बोलायचा. त्या बोलण्यात आई पटाईत. सकाळची गाडी थांबली की ती दोन घागरी आणि एक बादली घेऊन इंजिनापाशी हजर. "आवं डायवरदादा, सोडा की वाईच गरम पानी," असं म्हणायचा अवकाश, तो चावी फिरवायचा आणि वाफेसकट कढत पाणी बादलीत पडायचं. आमचे कपडे इंजिनाच्या पाण्यानं धुतले जायचे आणि त्यांना कोळशाचा बारीक वास यायचा. शाळेत मुली नाकं मुरडायच्या. मला तो वास आवडायचा. त्या वासानं मी कुणाची आहे ते कळायचं.

माझे वडील, आप्पा, गँगचे मुकादम होते. हाताखाली आठ माणसं आणि दोन्ही बाजूंचा मिळून आठ मैलांचा रूळ. त्याआधी ते चावीवाले होते, म्हणजे खांद्यावर हातोडा घेऊन रोज रुळाकडेनं चालायचं आणि रूळ जागेवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकत जायचं. घट्ट चावी ठण्ण वाजते आणि सैल चावी थड करते. मुकादम झाल्यावर हे काम त्यांचं उरलं नव्हतं, पण दारात बसून दूरवर चाललेल्या चावीवाल्याचे ठोके ऐकत ते भाकरी खायचे आणि मधेच घास थांबवून म्हणायचे, "पुलाच्या अल्याड येक सैल हाय." मग जेवण तसंच टाकून जायचे. आई चिडायची, ताटावर ताट पालथं घालून ठेवायची. ते परत आले की पुन्हा तीच ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं, शेंगांची चटणी, आणि चेहऱ्यावर एक समाधान. "व्हती सैल," एवढंच सांगायचे.

आम्ही मूळचे मेंढरंवाले. आप्पांचे वडील, आजोबा, सगळे कळपामागं फिरत गेले. आप्पा तेवढे रेल्वेत लागले. त्यांचे थोरले भाऊ, बिरूआण्णा, चार मैलांवर वस्तीला राहायचे, हे मला माहीत होतं. पण ते आमच्याकडं कधी आले नव्हते आणि आम्ही त्यांच्याकडं गेलो नव्हतो. दसऱ्याला आई सोन्याची पानं घेऊन सगळ्या क्वार्टरांना जायची, त्या वस्तीला नाही. लहानपणी मी एकदा कारण विचारलं तर आई म्हणाली, "मोठ्यांचं हाय ते. तू भाकरी थाप." मी थापली. काही घरांत न विचारण्याची सवय मुलांना अंगावरच्या कपड्यासारखी घातली जाते, आणि ती कधी घट्ट होते ते कळतही नाही.

मी शाळेला तालुक्याच्या गावी जायची, गाडीनंच. तिथं चित्रकलेला गोडबोले बाई होत्या. सांगलीच्या, चष्मा लावणाऱ्या, ताठ चालणाऱ्या. जिल्ह्याचं प्रदर्शन सांगलीला भरणार होतं आणि विषय होता 'आपला परिसर'. मी सरळ उभी राहून म्हणाले, "मी आमची लाइन करते. हिवरवाडीपासून पुढच्या स्टेशनापर्यंत." मुली हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "किती लांब आहे?" मी सांगितलं, चार मैल. "आणि रूळ किती रुंद करणार?" मी म्हणाले, अडीच फुटाचा अर्धा इंच. त्यांनी फळ्यावर गणित मांडलं. एका इंचात पाच फूट, म्हणजे चार मैलांना साडेतीनशे फूट. "एवढी लांब खोली आहे का तुमच्याकडे?" आता मात्र मीही हसले. बाईंनी मला त्या दिवशी जे शिकवलं त्यावर मी पुढं पोट भरलं. म्हणाल्या, "रुंदी, उंची, वळण, यांना हात लावायचा नाही. लांबी आखडायची. आणि आखडताना काय ठेवायचं, काय गाळायचं, हे तुला ठरवावं लागेल. हात सगळ्यांचे चालतात गं. निवडताना कळतं कोण किती पाण्यात आहे."

घरी आल्यावर मी आप्पांच्या समोर पाटी घेऊन बसले. "सांगा, स्टेशनापासून काय काय येतं?" आप्पांना कुणी त्यांच्या कामाबद्दल असं विचारलंच नव्हतं कधी. ते खुलले. मांडी घालून, डोळे मिटून, बोटं जमिनीवर चालवत सांगायला लागले. पाण्याची टाकी, सांधा, मग पहिली मोरी, तिला दोन कमानी. मग उजवीकडं वळण, तिथं बाहेरचा रूळ वाईच उचललेला. मग मोठा पूल, मग चढ, "हितं इंजान दम खातंय." मग बाभळीची रांग. मग पुढच्या स्टेशनचा सिग्नल.

"चढानंतर एकदम बाभळी?" मी विचारलं. "मधे काय आहे?"

"खिंड हाय. तितं काय न्हाई."

"किती लांबीची?"

"आगं, काय न्हाई म्हनलं न्हवं? तुला आखडायचंच हाय तर ते आखड." आणि ते उठून बाहेर गेले.

मी पाटीवर पुलाच्या पुढं चढ काढला आणि चढाला लागून बाभळी. मला ते फार सोयीचं वाटलं. दोन फूट जागा वाचली.

मग तीन महिने आमच्या घरात चालायला वाट उरली नाही. वाण्याकडून चहाच्या खोक्यांच्या फळ्या आणल्या आणि चार-चार फुटांचे दोन भाग केले, म्हणजे गाडीतून नेता येतील. रुळांना सायकलच्या चाकातल्या तारा. स्टेशनसमोरच्या सायकलवाल्यानं मोडकी चाकं फुकट दिली, वर म्हणाला, "मुकादमाची पोरगी कायबाय करती बघा." वळणाला तार वाकवायची म्हणजे धीर लागतो. घाई केली की तिला कोन पडतो आणि मग ती कधीच सरळ येत नाही. स्लीपरला काडेपेटीच्या काड्या, गूळ उतरवलेल्या पोत्याच्या सुतळीनं मोजून समान अंतरावर. डोंगराला कागदाचा लगदा, त्यात वाटलेली मेथी, आमच्याकडं टोपल्या लिंपायला करतात तसाच. घरभर मेथीचा कडू वास. आईनं आठवडाभर मेथी टाकून भाजी केली नाही, म्हणाली, "नाकात भरलीय, तोंडात नको." इंजिनाचं पोट दंतमंजनाच्या डब्याचं, आणि चाकांना बटणं. एक मोठं बटण, त्याला एक लहान चिकटवलं की चाकाची कडा तयार होते आणि ते रुळावरून उतरत नाही. ही युक्ती मी कुणाकडून शिकले नाही. मला माझीच सुचली, आणि ती सुचली त्या दुपारी मी अंगणात एकटीच नाचले होते.

खडीसाठी मी राळे वापरले. रंग अगदी बरोबर, आकार बरोबर. दोन दिवस डिंक लावून दाणा दाणा पसरला. तिसऱ्या दिवशी शाळेतून आले तर आमची तांबडी कोंबडी स्टेशनपासून मोठ्या पुलापर्यंत खडी खाऊन टाकीपाशी बसलेली. मी किंचाळले. आई धावत आली, बघितलं, आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "आगं, येवढी खडी आठ मानसांना येका दिसात उचलाया यायची न्हाई!" आप्पा आले, त्यांनी कोंबडीकडं बघून गंभीरपणे विचारलं, "हिला गँगमदी घेऊ का?" मग मात्र त्यांनीच खरी खडी आणून हातोड्यानं फोडून, चाळून, राळ्याएवढी करून दिली. पुन्हा दोन दिवस डिंक. आजकाल म्हणे हे सगळं तयार मिळतं, डब्यातून येतं, झाडंसुद्धा. माझ्या नातीनं फोनवर दाखवलं. चांगलं आहे. पण आपल्याच लाइनची खडी आपल्याच गावच्या कोंबडीनं खाल्ली, हे काही डब्यातून येत नाही.

काम संपत आलं तेव्हा मला एक गोष्ट टोचायला लागली. चढ नीट बसत नव्हता. आप्पांनी सांगितलेली उंची आणि पुढच्या स्टेशनची उंची जुळेना. गाडी चढ चढून जिथं पोचायची तिथून सिग्नलपर्यंत ती हवेतून खाली यायला हवी होती. मी तीनदा मोजलं. गणित बरोबर होतं, म्हणजे जागाच कमी होती. एका रविवारी मी आईला शेण्या वेचायला जाते म्हणून सांगितलं, गाठी मारलेली दोरी घेतली आणि रुळाच्या कडेनं चालत निघाले.

पूल ओलांडला, चढ चढले, आणि माथ्यावर खिंड लागली. काय नाही म्हणतात ती ही? दोन्ही बाजूंना दोन पुरुष उंचीचा मुरूम कापलेला, आणि मधोमध रूळ आडवी ओलांडून जाणारी मेंढरांची जुनी वाट. एका अंगानं उतरून दुसऱ्या अंगानं चढणारी. खुरांनी एवढी घासलेली की दगड गुळगुळीत झाला होता. त्याच्या पलीकडं उतार, म्हणजे माझी हरवलेली उंची. मी दोरी लावून मोजत होते तेवढ्यात वरून आवाज आला.

"काय मोजतीस गं पोरी?"

वर, बांधावर, एक उंच म्हातारा उभा. डोक्याला तांबडा पटका, हातात कुदळ. मागं थोडी नांगरलेली जमीन. मी सांगितलं, लाइनचा नमुना करतेय, प्रदर्शनाला.

"कुनाची तू?"

"मुकादमांची. हिवरवाडीच्या."

त्यानं कुदळ खांद्यावर घेतली. मग खाली उतरून आला आणि रुळापासून चार हात लांब थांबला. मला तेव्हाच कळलं हे कोण ते. नाक थेट आप्पांचं.

"तुज्या बानं पाठवलं व्हय हितं?"

"नाही. ते म्हणाले, खिंडीत काही नाही."

"काय न्हाई?" बिरूआण्णा हसल्यासारखं करून थांबले. मग त्यांनी कुदळीच्या दांड्यानं दाखवलं. "हितनं मी मेंढरं घिऊन आलतो. तू पाच वर्साची आसशील. दसरा झालता, आमी वरच्या अंगाला, किष्णाकाठाला निगालतो. तुजा बा हितं वर हुबा व्हता, चावीवाला व्हता तवा. म्या खालनं हाक दिली, गाडी गेली का रं म्हादा? तो म्हनला, गेली, आन की. म्या घातली मेंढरं. निम्मी रुळावं आली आन् वळणावनं खडीची गाडी आली." त्यांनी कुदळ खाली टेकवली. "लय बारकी गाडी हाय ही. पर मेंढरांना पुरती."

 मी विचारलं, "मग आप्पांना ठाऊक नव्हतं का, खडीची गाडी येणार म्हणून?"

"ते तुज्या बाला इचार," ते म्हणाले. "मेंढरं गेल्याचं मी कवाच सोडून दिलं. रोगानं बी जात्यात. पर त्ये इचार त्याला." आणि वर चढून गेले. चढताना मागं न बघता म्हणाले, "ऊन हाय. डोक्यावर पदर घे."

घरी आल्यावर मी काहीच विचारलं नाही.  पण हात चालले. दुसऱ्या भागावरच्या बाभळी उपटल्या, सिग्नल काढला, आणि तिसरी फळी जोडून खिंड घातली. आठवडाभर लागला. मुरुमाला लाल माती चाळून घेतली, वाट काढली, आणि आईच्या जुन्या घोंगडीची लोकर पिंजून अकरा मेंढरं केली, खराट्याच्या काड्यांचे पाय लावून. ती मी वाटेवर ठेवली, चार रुळाच्या आत, बाकी बाहेर. इंजिनामागचा डबा काढून तिथं खडीचा उघडा डबा लावला. मी हे रागानं केलं का? आज विचार करते तेव्हा वाटतं, राग नव्हता. मला एवढंच माहीत होतं की ती जागा आहे, आणि ती नसल्यासारखं दाखवलं तर माझं बाकीचं सगळं मोजमाप खोटं.

संध्याकाळी आप्पा आले. हातपाय धुतले, नेहमीसारखे लाइन बघायला वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

"कुनी सांगितलं तुला?"

"मी चालत गेले होते. आण्णा भेटले."

आई चुलीपाशी उठून उभी राहिली.  आप्पांनी चपला घातल्या आणि ते बाहेर गेले. भाकरी तशीच राहिली. आई माझ्यावर आली. "काढून टाक ते. आत्ताच्या आत्ता. कशाला उकरलंस?"

"काढणार नाही."

"सुमे!"

"आई, ते घास टाकून सैल चावी ठोकायला जातात ना? मग ही कशी ठेवायची?"

आईनं हात उगारला होता, तो खाली घेतला. तिनं मला त्याआधी आणि त्यानंतरही पुष्कळदा मारलं, पण त्या संध्याकाळी नाही.

दोन दिवस घरात फक्त भांडी बोलत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी आप्पा कामावरून लवकर आले. आई पाण्याला गेली होती. ते माझ्याजवळ जमिनीवर बसले, खिंडीकडं बघत म्हणाले, "ही कड वाईच जादा सरळ झालीया. मुरूम ढासळतोय तिथला, अशी आत घे." मी पाण्याचा हात लावून कड आत घेतली. ते बघत राहिले. मग म्हणाले, "मला सकाळी सांगितलं व्हतं."

"काय?"

"खडीची गाडी दुपारी माघारी येनार म्हून. मास्तरनं सांगितलं व्हतं, म्या व्हय म्हनलं व्हतं. आन् आण्णा दिसला तर इसरलो. बऱ्याच दिसांनी दिसला व्हता गं. लय बरं वाटलं. त्या भरात म्हनलो, आन की." त्यांचा आवाज अगदी साधा होता, रुळाबद्दल बोलताना असायचा तसा. "आन् मग त्यानं इचारलं तवा म्हनलो, मला कुनी सांगितलंच न्हाई. तितं डायवर उतरून मला शिव्या देत व्हता, सकाळी सांगितलं न्हवतं का म्हून. आण्णा ऐकत व्हता. ऐकून बी त्यानं परत इचारलं, सांगितलं व्हतं का म्हादा? म्या त्याच्या तोंडाकडं बघून न्हाई म्हनलो."

मी पंधरा वर्षांची होते. वडिलांना असं बोलताना पाहून मुलीनं काय करायचं असतं, मला ठाऊक नव्हतं. मला जे सुचलं ते मी बोलले, आणि त्याचा मला कधी पस्तावा झाला नाही. "आप्पा, हे मला सांगून काय होणार? ज्यांनी विचारलं त्यांना सांगा."

 बाहेर आई घागर उतरवत होती, तिचा हुंकार ऐकू आला. आप्पा उठले, तेलाचा हात केसांना लावला, धुतलेला सदरा घातला आणि रुळाच्या कडेनं पूर्वेला चालायला लागले. आई दारात येऊन मला म्हणाली, "कुठं निगालं?" मी म्हणाले, "वस्तीला." तिनं घागर तिथंच ठेवली आणि उंबऱ्यावर बसली.

त्या दिवशी तिथं दोघांत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. आप्पांनी सांगितलं नाही, आण्णांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. एवढंच माहीत आहे की सूर्य कलला तेव्हा पुलाच्या बाजूनं दोन माणसं येताना दिसली. एकामागं एक, स्लीपरवरून पाय टाकत. पुढं तांबडा पटका होता. आप्पा मागं, मान खाली घालून, धाकट्या भावानं चालावं तसे. आईनं ते पाहिलं आणि ताडकन उठून आत गेली, चुलीत फुंकर घालायला लागली. धूर नसताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

आण्णा आत आले, कुणाशी न बोलता लाइनसमोर उकिडवे बसले. स्टेशनापासून सुरुवात केली. टाकी, मोरी, पूल. पुलाला बोट लावून बघितलं. बोट खिंडीपाशी आलं आणि थांबलं. 

"ही मेंढरं हायत का उंदरं?" आण्णा म्हणाले.

माझा चेहरा पडला असणार, कारण त्यांनी वर बघितलं. "आगं, आपली माडग्याळी मेंढरं. नाक कसं बाकदार पायजे, पोपटासारकं. कान लांब. तुज्या बानं कवा दावलं न्हाईत व्हय?" मग त्यांनी इंजिनाकडं बोट केलं. "ही खडीची?"

"व्हय, आण्णा," आप्पा म्हणाले.

आण्णांनी रुळावरची चार मेंढरं दोन बोटांत एकेक करून उचलली आणि वाटेच्या वरच्या टोकाला, पलीकडच्या बांधावर ठेवली. मग बाहेरची सातही. मोठ्या बोटांनी, एवढ्या हलक्या हातानं, की एकाचाही पाय मोडला नाही. सगळी ठेवून झाल्यावर त्यांनी इंजिनाला जरासं पुढं ढकललं. ते खिंडीतून गेलं आणि उतारावरून आपोआप सिग्नलपर्यंत घरंगळलं. उतार बरोबर होता.

"म्हादा," आण्णा म्हणाले, "च्या करायला सांग की. का नुसत्या पान्यावरच वाटंला लावतोस?"

प्रदर्शनाला आम्ही गार्डच्या डब्यातून तिन्ही फळ्या नेल्या. मिरजेत मोठ्या गाडीत चढवताना सिग्नल मोडला, तो मी सांगलीला पोचल्यावर खराट्याच्या काडीनं उभा केला. माझा दुसरा नंबर आला. पहिला आला धूर सोडणाऱ्या ज्वालामुखीला. आपल्या परिसरात, सांगली जिल्ह्यात, ज्वालामुखी! तो निकाल मला आजही मान्य नाही. लाइन नंतर शाळेत ठेवली, काही वर्षांनी तिला वाळवी लागली, आणि छोटी गाडीही गेली. आता तिथं मोठा रूळ आहे, वर विजेच्या तारा आहेत, खिंड रुंद केलीय आणि मेंढरांना खालून वाट आहे. मागच्या वर्षी मी गाडीतून गेले, खिडकीतून बघितलं. खिंड डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर गेली. मला वाईट वाटलं नाही. चांगलं काम झालंय तिथं.

दहावी झाल्यावर गोडबोले बाईंनी कळवलं की सांगलीला आरेखनाचा अभ्यासक्रम आहे, दोन वर्षांचा, मुलींनाही घेतात पण मुली येत नाहीत. पावसाळ्याचे दिवस, मुरूम ढासळत होता, आप्पांना लाइन सोडून हलता येईना. आई म्हणाली, पुढच्या वर्षी बघू. आण्णा दारात बसले होते, म्हणाले, "पुढच्या वर्सी कशाला? मी जातो की संगं." ते त्याआधी सांगलीला बाजाराशिवाय कशाला गेले नव्हते. खांद्यावर घोंगडी, डोक्याला पटका, हातात काठी. त्या लांबलचक ऑफिसात बाकीचे पालक इस्त्रीचे शर्ट घालून बसले होते आणि आमच्याकडं वळून वळून बघत होते. आण्णांनी घोंगडीची घडी बाकावर ठेवली आणि त्यावर मला बसवलं.

कारकुनानं अर्ज वाचला. मग चष्म्यावरून आधी माझ्याकडं, मग आण्णांकडं पाहिलं.

"तुम्ही वडील?"

"थोरला चुलता. आमच्यात येकच."

"बाबा, नकाशाचं काम आहे हे. शिकून झाल्यावर रानोमाळ मोजणीला जावं लागतं. मुलीला झेपणार आहे का? उगाच एक जागा वाया जायची."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं, पण आण्णांनी काठी बाजूला टेकवली आणि टेबलापाशी जाऊन उभे राहिले. त्यांनी आवाज चढवला नाही. बाजारात जनावराचा गुण सांगताना माणूस जसा शांत आणि ठाम असतो, तसे ते बोलले.

"सायेब, लाइनवरची खिंड येकटीनं दोरीनं मोजलीया तिनं. आन् जे जितं हाय, ते तितं काडती. घरच्यांनी झाक म्हनलं तरी झाकत न्हाई. तुमाला आसं मानूस पायजे आसंल तर घ्या, न्हाईतर सांगा, आमी जातो."

कारकुनानं अर्ज पुन्हा पुढ्यात ओढला. मग त्यानं अर्जावर पालकाच्या सहीची जागा बोटानं दाखवली आणि शाईचा पॅड उघडून आण्णांच्या पुढं सरकवला.